डिफरन्शियलखालचा काळा डाग : एका स्पोर्ट्स कारच्या गळतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी जपानी बनावटीची, दोन सीटची. पुढे व्ही-६ इंजिन आणि ओढ मागच्या चाकांना. वय १२ वर्षं, धाव ६१,००० किलोमीटर. मालक कोल्हापूरचे, गाडीचे दुसरे मालक. ओळख पटू नये म्हणून मॉडेल आणि तारखा गाळल्या आहेत. गाडी रोजच्या वापरातली नाही. रविवारी पहाटे पन्हाळा, कधी गगनबावडा, दिवाळीत पुण्याला एक फेरी. जूनपासून दसऱ्यापर्यंत ती पत्र्याच्या शेडमध्ये कापडाखाली उभी असते. ही शेवटची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, पण गाडी वर्कशॉपमध्ये आली त्या दिवशी कुणी ती विचारलीच नव्हती.

या गाडीचं डिफरन्शियल (इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी) टेम्पो-ट्रकच्या हौसिंगसारखं चाकापासून चाकापर्यंत पसरलेलं नसतं. भोपळ्याएवढी एक पेटी सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) टांगलेली असते: पुढे दोन बोल्ट, मागे एक जाड बोल्ट. हा मागचा बोल्ट एका मोठ्या बुशमधून, म्हणजे कडीत बसवलेल्या रबरी गादीतून जातो. पेटीच्या दोन्ही अंगांना छोटे स्टब शाफ्ट बाहेर येतात आणि त्यांना चाकांकडे जाणारे ॲक्सल जोडलेले असतात. म्हणजे ऑइल बाहेर येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पुढचा पिनियन सील (पिनियन म्हणजे इंजिनाकडून ओढ आत आणणारं छोटं गिअर), दोन बाजूंचे सील, मागच्या झाकणाचा जोड, भरायचा आणि काढायचा असे दोन प्लग, आणि वरचा ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला बाहेर जायची छोटी वाट. आत व्हिस्कस (घट्ट द्रवावर चालणाऱ्या) प्रकारचं लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारी जोडणी आहे, त्यामुळे क्लच प्लेटवाल्या डिफरन्शियलला लागतो तसा वेगळा ॲडिटिव्ह याला लागत नाही. ऑइल ७५डब्ल्यू-९० (घट्टपणाचा ग्रेड), जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा), क्षमता १.४ लिटर.

तक्रार आणि आधी झालेली दुरुस्ती

तक्रारी दोन होत्या. पार्किंगच्या फरशीवर काळा डाग पडायचा. आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मागून ‘धप्प’ असा एकच ठोका यायचा.

तीन आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये मागचं झाकण उघडून नव्या सिलिकॉन पेस्टने बसवलं होतं. डिफरन्शियलचा मागचा भाग सगळ्यात ओला होता, म्हणून संशय झाकणावर गेला. ऑइल योग्य ग्रेडचंच भरलं होतं, तिथे काही चूक नव्हती. ठोक्याबद्दल मात्र ‘क्राऊन-पिनियनला प्ले आलाय, पुढेमागे ओव्हरहॉल लागेल’ असं सांगितलं गेलं, म्हणजे पिनियन आणि त्याने फिरणारं मोठं क्राऊन गिअर यांच्यात ढिलेपणा आलाय. आठ दिवसांत डाग परत पडायला लागला, आणि या वेळी आधीपेक्षा मोठा.

मालकांसमोर तेव्हा तीन रस्ते होते: ऑइल टॉपअप करत गाडी चालवणं, तेच झाकण पुन्हा उघडणं, किंवा पेटी खाली घेऊन पूर्ण ओव्हरहॉल. तिन्हींत गळती नेमकी कुठून होते हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून चौथा रस्ता धरला: एकही बोल्ट ढिला न करता आधी उगम शोधायचा.

निदान

गाडी टू-पोस्ट लिफ्टवर घेतल्यावर झाकणाचा खालचा भाग, सबफ्रेमचा मागचा आडवा भाग आणि उजव्या ॲक्सलचा आतला बूट (सांध्यावरचं रबरी आवरण), असं सगळंच ओलं दिसलं. गाडी धावताना खालून जाणारा वारा ऑइल मागे ढकलतो. त्यामुळे सगळ्यात मागे जिथे थेंब लोंबतो तिथे गळती असेलच असं नाही. आधीच्या गॅरेजची फसगत इथेच झाली.

पुसण्याआधी तीन जागांचे नमुने पांढऱ्या कागदावर घेतले. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि यंत्रसामग्री काही लागत नाही.

पहिला नमुना ॲक्सलच्या बुटाजवळचा. वास घेतला तर गंधकाचा, नाकात बसणारा. जीएल-५ ऑइलमध्ये दात वाचवण्यासाठी गंधक-फॉस्फरसचे ॲडिटिव्ह असतात, तो वास त्यांचा. कागद भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक झाला आणि वर टाकलेलं पाणी घरंगळून गेलं. म्हणजे गिअर ऑइल. बूट फाटला असता तर काळं, चिकट मॉलिब्डेनम ग्रीस दिसलं असतं आणि तेही गोल रिंगणात उडालेलं. तसं काही नव्हतं, बूट शाबूत होता.

दुसरा नमुना झाकणाच्या मधल्या भागाचा: गिअर ऑइल आणि धूळ.

तिसरा नमुना सबफ्रेमवरचा, मोठ्या बुशच्या अगदी खालचा. रंग काकवीसारखा, पण वास जवळपास नाही. पाण्याचा थेंब टाकला तर तो त्यात मिसळून करडा झाला. गिअर ऑइल पाण्यात मिसळत नाही. हा द्रव बुशमधला होता. काही गाड्यांत डिफरन्शियलची मागची बुश द्रव भरलेली असते, कंप शोषण्यासाठी, आणि तो द्रव सहसा ग्लायकोलचा असतो. रबर फाटलं की तो रबराची काजळी घेऊन बाहेर येतो आणि बघणाऱ्याला हुबेहूब जुन्या ऑइलसारखा दिसतो.

पहार लावून पेटी वर-खाली हलवली तेव्हा बुशचा मधला गाभा बाहेरच्या कडीपासून जवळजवळ सुटलेला दिसला. ‘धप्प’ आवाज क्राऊनचा नव्हता. जोर लागला की अख्खी पेटी मागून उचलली जात होती आणि खाली आपटत होती.

म्हणजे गळत्या दोन होत्या आणि एकमेकींशी त्यांचा संबंध नव्हता. बुशची गळती सापडली. गिअर ऑइलची अजून सापडायची होती.

सगळा भाग ब्रेक क्लीनर आणि ब्रशने धुतला. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर किंवा ब्रीदरवर मारायचा नाही, त्याने पाणी आत जातं. कोरडं झाल्यावर पिनियन सील, दोन्ही बाजूंचे सील, झाकणाची कड आणि प्लग यांच्याभोवती टाल्कम पावडर उडवली. ऑइलमध्ये भरायच्या प्लगमधून सुमारे १० मिलिलिटर यूव्ही डाय (यूव्ही दिव्यात चमकणारा रंग) टाकायचं ठरलं, आणि प्लग अर्धा फिरवताच ‘फुस्स’ करून हवा सुटली, मागोमाग ऑइलही ओघळलं. गाडी तासभर उभी होती, पेटी जेमतेम कोमट होती. अशा वेळी आत दाब राहायलाच नको. (गाडी नुकतीच घाटातून आली असेल तर हा प्लग उघडूच नये. ऐंशी अंशांचं ऑइल हातावर येतं.)

इथून संशय थेट ब्रीदरवर गेला. ब्रीदरची छोटी नळी काढली तर तिच्या तोंडात वाळलेल्या मातीचा घट्ट बोळा, आत किड्यांचे सुकलेले अवशेष. कुंभारीण माशीचं घर! चार महिने शेडमध्ये स्थिर उभ्या असलेल्या गाडीतलं ५-६ मिमीचं भोक तिला आयतं मिळालं होतं.

ब्रीदर बंद असला की काय होतं, याचं गणित साधं आहे. पेटीतली हवा २० अंशांवरून १०० अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाट नसली तर दाब सुमारे पाव बारने वाढतो. ऑइलही तापून फुगतं, ८० अंशांच्या फरकाला साधारण पाच-सहा टक्के, आणि हवेची जागा आणखी कमी होते. ऑइल जास्त भरलेलं असेल तर मुळातच हवा थोडी, म्हणून दाब अजून वर. या सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टवर घासणारी रबरी कड, ऑइल अडवण्यासाठी असतो, दाब अडवण्यासाठी नाही.

ऑइल काढून मोजलं: १.६५ लिटर. पाव लिटर जास्त. कारणही कळलं. आधी ऑइल भरताना फक्त मागची बाजू जॅकवर उचलली होती. भरायचं भोक पेटीच्या मागच्या अंगाला आहे. मागून गाडी उचलली की ऑइल पुढे साचतं आणि भोकातून सांडेपर्यंत भरलं तर जादा जातं. त्या दुरुस्तीनंतर गळती वाढली, कारण बंद ब्रीदरवर जादा ऑइलची भर पडली.

ऑइलमध्ये पाणी आहे का हेही पाहिलं. बंद ब्रीदरची गरम पेटी पावसाळी पाण्यात थंड झाली तर आत निर्वात पोकळी होऊन सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला, तडतडला नाही. ऑइल दुधी नव्हतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट होती, ती नेहमीची. चकत्या किंवा सुईसारखे तुकडे मिळाले असते तर बेअरिंगकडे बघावं लागलं असतं.

मग दाबाची चाचणी. ब्रीदरच्या जागी जोडणी लावून, गेज असलेल्या हातपंपाने फक्त ०.२ बार हवा भरली. कॉम्प्रेसरची नळी इथे लावायची नाही, एका झटक्यात चांगले सीलही बाहेर येतात. साबणाचं पाणी शिंपडल्यावर उजव्या सीलपाशी बुडबुडे आले. झाकण कोरडं, पिनियन कोरडा, डावी बाजू कोरडी.

शेवटी ब्रीदर साफ करून, ऑइल योग्य पातळीला आणून आणि डाय टाकून वाघबीळमार्गे पन्हाळ्यापर्यंत जाऊन-येऊन फेरी केली. खाली आल्यावर पेटीचं तापमान ८४ अंश होतं. उजव्या सीलजवळची पावडर भिजली होती, पण पहिल्यापेक्षा खूपच कमी. म्हणजे ब्रीदर हे मोठं कारण होतं, एकमेव नव्हतं. ब्रीदर साफ करून गाडी परत देता आली असती का, हा विचार झाला आणि तिथेच संपला. दाबाखाली एकदा उलटलेला आणि कडक झालेला ओठ परत मऊ होत नाही.

पर्याय तोलताना

उजवा स्टब शाफ्ट बाहेर काढल्यावर सील जिथे घासतो तिथे नखाला अडकेल अशी खाच दिसली, त्रिज्येवर साधारण ०.१ मिमी. नवा सील त्याच खाचेवर बसला असता तर गळती काही महिन्यांत परत आली असती. मार्ग चार होते.

नवा स्टब शाफ्ट: निर्धोक, पण परदेशातून यायला सहा-सात आठवडे.

शाफ्ट लेथवर हलका तासून घेणं: कोल्हापुरात हा मोह स्वाभाविक आहे. शिवाजी उद्यमनगरात तासाभरात कुणीही करून देईल, आणि तासकामात इथल्या टर्नरचा हात धरणारे कमी. अडचण टर्नरची नाही, जागेची आहे. शाफ्टची वरची कातडी कडक केलेली असते, तासली की खालचा मऊ लोखंडी भाग उघडा पडतो. शिवाय लेथच्या टूलने पृष्ठभागावर बारीक फिरकी रेषा राहतात आणि त्या स्क्रूसारखं ऑइल बाहेर ढकलतात. सीलखालची जागा सरळ आत जाणाऱ्या चाकाने ग्राइंड केलेली लागते, खडबडीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉन. क्रोम चढवून ग्राइंड करता येतं, पण तो खर्च नव्या शाफ्टच्या जवळ जातो.

स्लीव्ह: साधारण ०.२८ मिमी जाडीची पोलादी टोपी शाफ्टवर ठोकून बसवायची, सील त्यावर घासतो. खात्रीचा उपाय, पण या मापाची स्लीव्ह बाहेरून मागवावी लागणार.

सीलची जागा सरकवणं: सील मूळ जागेपेक्षा दीड मिमी आत बसवला तर ओठ खाचेच्या बाजूच्या ताज्या पृष्ठभागावर येतो. खर्च शून्य, आणि फसलं तर स्लीव्हचा रस्ता उघडाच.

चौथा मार्ग घेतला, पण दोन गोष्टी तपासून. सीलच्या घरात तेवढी खोली आहे का, आणि आत सरकलेला सील ऑइल परतायचं भोक झाकत नाही ना. बाहेरच्या बाजूला सरकवणं टाळलं, कारण तिथे शाफ्टवर गंजाचे ठिपके होते.

बुशबाबतही निवड करावी लागली. मूळ द्रवभरली बुश सुटी मिळत नव्हती, पूर्ण सबफ्रेमसोबतच येत होती. घन ॲल्युमिनियमची बुश पक्की, पण क्राऊनचा प्रत्येक दात केबिनमध्ये ऐकू येतो. मध्यम कडकपणाची पॉलियुरेथेन बुश ठरली, साधारण ८० शोअर (कडकपणाचं माप). हिच्यानेही आवाज थोडा वाढणारच, हे मालकांना कामाआधी सांगितलं आणि जॉबकार्डवर लिहिलं.

पिनियन सीलला हात लावायचा नाही, हा निर्णय सगळ्यात जास्त चर्चेचा ठरला. ‘पेटी खाली आलीच आहे तर तोही बदला’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण या पेटीत पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) नट आवळताना चिरडल्या जाणाऱ्या स्पेसरवर, म्हणजे मधल्या कडीवर ठरतो. नट सोडला की तो हिशेब मोडतो. परत बसवताना नटाची खूण आणि फिरवायला लागणारा टॉर्क जुळवावा लागतो, किंवा नवा स्पेसर टाकून सगळं पहिल्यापासून. कोरड्या सीलसाठी हा धोका घेण्यात अर्थ नव्हता.

प्रत्यक्ष काम

एक्झॉस्टचा मागचा भाग उतरवला. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर रंगाची खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि कंप येणार नाही. दोन्ही ॲक्सल फ्लँजपासून सोडून तारेने टांगले. लोंबकळत सोडले तर आतला जॉइंट खराब होतो. ट्रान्समिशन जॅकवर पेटी खाली घेतली. वजन एका माणसाला पेलेल असं वाटतं, पण पेलत नाही.

भरायच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातल्यावर आत सिलिकॉनचे लोंबते धागे दिसले, आधीच्या दुरुस्तीतले. जास्त पेस्ट लावली की दाबल्यावर ती निम्मी आत जाते, तुटते आणि बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत अडकू शकते. म्हणून झाकण गळत नसतानाही उघडावं लागलं. एक फायदा झाला: डायल गेज लावून क्राऊनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, थेट मोजता आला. ०.१२ मिमी, म्हणजे अगदी ठीक. बाजूच्या बेअरिंगमध्येही ढिलेपणा नव्हता. तो असता तर शाफ्ट डोलत राहिला असता आणि कोणताही नवा सील टिकला नसता. ओव्हरहॉलचा विषय तिथेच मिटला.

स्टब शाफ्ट दोन पहारींनी समोरासमोर जोर लावून निघाले. डावा-उजवा वेगळे ठेवले, आतल्या स्प्लाइनची (दातेरी टोकाची) लांबी सारखी नसते. सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणाऱ्या कड्या) नव्या टाकल्या. सील दोन्ही बाजूंचे बदलले. डावा कोरडा होता, पण तितकाच जुना आणि कडक. बाजारात मापाला जुळणारे साध्या नायट्राइल रबराचे सील मिळत होते. ते घेतले नाहीत. नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत ठीक, त्यापुढे गरम जीएल-५ ऑइलमध्ये लवकर कडक होतं. फ्लुओरो रबरचे, फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले सील मागवले. डाव्या आणि उजव्या सीलची दिशा उलटी असते. अदलाबदल झाली तर ओठावरच्या तिरक्या रेघा ऑइल आत आणण्याऐवजी बाहेर काढतात.

सील ठोकून बसवायचा ठोकळा उद्यमनगरातून नायलॉनचा करून घेतला, दीड मिमीची पायरी ठेवून, म्हणजे खोली अंदाजावर सोडायला नको. ओठाला ग्रीस, स्प्लाइनवर पातळ टेप, आणि शाफ्ट हाताने सरळ आत.

बुश काढणं हे दिवसाचं काम निघालं. रबर जाळून काढायची पद्धत आहे, पण धूर विषारी आणि वर पेट्रोलची टाकी. त्याऐवजी रबरात ओळीने भोकं पाडून गाभा काढला, बाहेरची कडी हॅकसॉने आतून एका ठिकाणी कापली. सबफ्रेमपर्यंत पातं जाऊ न देणं हीच त्यातली कसोटी. नवी बुश जाड आटे असलेल्या रॉडने आणि दोन वाट्यांनी ओढून बसवली.

झाकणाचं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, पॉलिश पेपर वापरला नाही. पेस्टची तीन मिमीची एकच सलग धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. बोल्ट आडवे-उभे आळीपाळीने आवळले आणि पेटी रात्रभर तशीच ठेवली.

ब्रीदरला ऑइल सोसणारी नळी जोडून ती डिकीच्या तळापर्यंत वर नेली, टोक खाली वळवलं आणि त्यावर बारीक जाळी. गाडी चारही स्टँडवर समतल करून ऑइल भरलं. १.४ लिटरला भोकातून थेंब आला. प्लग ३५ न्यूटन-मीटरला आवळले.

निकाल

पहिल्या २०० किलोमीटरनंतर उजवी बाजू कोरडी, बुश कोरडी, ‘धप्प’ बंद. पण भरायच्या प्लगभोवती यूव्ही दिव्यात हिरवट कडा चमकली. प्लगचा वॉशर जुनाच परत लावला होता. नवा टाकल्यावर तेही थांबलं. १,००० किलोमीटरनंतर आणि त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर पुन्हा तपासलं, पेटीवर धुळीशिवाय काही नव्हतं. ब्रीदरची जाळी मोकळी होती. शेडमधल्या खांबावर मात्र कुंभारिणीची दोन नवी घरं होती.

पॉलियुरेथेनचा आवाज आला. हायवेवर ७० ते ९० च्या दरम्यान बारीक गुणगुण ऐकू येते, गाणी लावली की जाते. मालकांना ती खटकली नाही. त्यांच्या घरच्यांना खटकली.

वेगळं काय करता आलं असतं

कागद आणि पाण्याची चाचणी आधीच्या गॅरेजमध्ये झाली असती तर झाकण उघडायची वेळच आली नसती. पण त्यांनाच दोष देऊन भागत नाही. या वर्कशॉपमध्येही ब्रीदर सर्वांत आधी बघायला हवा होता. तो वरच्या बाजूला, हाताला न लागणाऱ्या जागी असतो, म्हणून यादीत शेवटी गेला. प्लग उघडताना दाब सुटला नसता तर आणखी एक दिवस गेला असता.

गाडी किती महिने उभी होती हा प्रश्न जॉबकार्डच्या पहिल्या ओळीत असायला हवा होता. तो आता छापील आहे.

सील आत सरकवण्याचा निर्णय यशस्वी झाला, तरी स्लीव्ह त्याच दिवशी मागवून ठेवायला हवी होती. पहिल्या फेरीत उजवी बाजू ओली दिसली असती तर गाडी मालाची वाट बघत लिफ्टवर अडकून पडली असती, आणि लिफ्ट एकच आहे.

वॉशरबद्दल काही बोलायला जागा नाही. नवा डब्यात होता.